विम्याची खाट आणि आमचे भासरे

आमच्या घरात अर्धशिशी मला होती आणि तिचं इंजेक्शन माझ्या नवऱ्याने घेतलं.

यात कुणाची चूक नव्हती. निदान माझी तर नव्हतीच! मी शिकलेली बाई. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या गावात, संस्थेच्या शाळेत मास्तरीण होते. दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभी राहून मी 'जुन्या रूढी सोडा' या विषयावर भाषण करायची. दर वर्षी तेच भाषण. लोक जोरात टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन जुन्या रूढी पाळायचे. शाळेच्या भिंतीवर गेरूने हे वाक्य लिहिणारीही मीच. अक्षर वळणदार होतं, पाऊस लागला तरी गेलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. विम्याचा एक एजंट शाळेत आला आणि त्याने दवाखान्याच्या विम्याची माहिती सांगितली. आजारी पडलात, भरती झालात, तर खर्च कंपनीचा. बाकीच्या मास्तरांनी चहा पिऊन घेतला. मी पॉलिसी घेतली.

घरी हे सांगायचं म्हणजे भासऱ्यांना सांगायचं. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. घरातला कारभार त्यांचा, कापूस-ज्वारीचा हिशेब त्यांचा, शब्दही त्यांचाच. ('हे' म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी घेत नाही. रूढी म्हणून नव्हे, सवय म्हणून!) आता आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. मधे कुणीतरी लागतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, भासरे ओसरीवर आणि मधे हे, अशी आमची सभा भरायची.

"इठ्ठल," भासरे म्हणाले, "तिले म्हन, बिमारीचे पैसे आंधीच देऊन ठेवाचे म्हंजे तिले घरी बलावनं झालं नं!"

"त्यायले सांगा," मी दाराआडून म्हटलं, "छत्री घेतली म्हनून पाऊस येत नाई."

"तिले म्हन, छत्री घेतली का पाऊस येतच नाई. छत्री हरपते तेवढी."

हे मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. दोघांचंही दोघांना स्वच्छ ऐकू येत होतं, पण रीत म्हणून हे प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत होते.

आणि वर्षही भरलं नाही तोच माझं डोकं दुखायला लागलं! साधं नाही. अर्धं डोकं. आधी डोळ्यांपुढे काजवे, मग उजव्या कानशिलात ठणका, मग ओकारी. उजेड नको, आवाज नको, माणूस नको. कुणी पाट्यावर वरवंटा फिरवला तरी तो माझ्याच डोक्यावरून फिरायचा. मी कापसाच्या खोलीत दार लावून, फडक्याने डोकं करकचून बांधून पडून राहायची. भासऱ्यांनी पॉलिसी ठेवलेल्या पेटीकडे नुसतं पाहिलं.

उपाय सगळे झाले. सुंठेचा लेप झाला. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते म्हणतात, म्हणून तीही खाल्ली. मी जाड झाले, डोकं तसंच राहिलं. शाळेत पोरं मोठ्याने पाढे म्हणायला लागली की मी त्यांना मनातल्या मनात म्हणायला लावायची. (त्या वर्गाचे पाढे अजून कच्चे आहेत. त्यातला एक आज दुकान चालवतो आणि मला नेहमी जास्त पैसे परत देतो.)

याच सुमारास भासऱ्यांनी आणखी एक चमत्कार केला. त्यांची पाखऱ्या आणि चांद्या ही बैलजोडी म्हणजे गावाची शान. पोळ्याला तिला तोड नव्हती. पितळी घुंगरमाळा अशा की भासऱ्यांची बैलबंडी शेताकडच्या पांदणीत शिरली की घरी भाकर टाकायला घ्यावी. एक दिवस त्यांनी त्या माळा काढल्या आणि खुंटीला टांगून ठेवल्या. मी यांना म्हटलं, "पहा कंजूषपना! माळा झिजतीन म्हनून बैल मुके केले!" हे तसेही फार बोलत नाहीत, दिवसभर आमच्या दोघांचं बोलून थकलेले असतात.

शेवटी आदिलाबादच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, "बाई, ही अर्धशिशी नुसत्या गोळ्यांनी ऐकायची नाही. नागपूरला मशीनवर डोक्याचा फोटो काढा, तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं औषध वर्षभर घ्या. खर्च आहे, पण गुण येईल."

"माझा विमा आहे," मी ऐटीत म्हटलं.

"मग भरती व्हावं लागेल. येता-जाता तपासलं तर कंपनी देत नाही. डोकं चढलं की लगेच या. सलग चोवीस तास खाटेवर राहायचं. तेवढं झालं की पुढच्या तपासण्याही त्यातच धरतात."

घरी पुन्हा सभा भरली. भासऱ्यांनी निकाल दिला. "तिले म्हन, कंपनीनं खर्च देल्ला त खुशाल नागपूरले जा. नाई देल्ला त पुढच्या सालपासून इमा बंद, अन् आपली सुंठ बरी."

"त्यायले सांगा, कंपनी देईनच!" मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ठणका उठला.

म्हणजे पहा, सगळं त्या चोवीस तासांवर आलं. नागपूर, औषध, माझं डोकं आणि माझा शब्द. खाटेवर एक दिवस-रात्र पडून राहायचं, यात अवघड ते काय? मी वर्गात साठ पोरं एका जागी बसवणारी बाई!

आता डोकं चढायची वाट पाहायची होती. एरवी आठवड्याला हजेरी लावणारी अर्धशिशी भरती व्हायचं म्हटल्यावर गायब! हे रोज शेतात जाताना विचारायचे, "आज काई?" मी मान हलवायची. आले-गेलेही विचारायला लागले. मला लाज वाटायला लागली, आपण उगाच दुखत होतो की काय असं वाटायला लागलं. आणि ऐन कापसाच्या दिवसांत, भासऱ्यांची बंडी कापूस भरून आदिलाबादच्या बाजाराकडे निघाली त्या सकाळी, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी आनंदाने ओरडले, "आली!" आणि डोकं धरून खाली बसले.

भासरे बंडी घेऊन पुढे गेले होते. आम्ही दोघं मागून बसने गेलो; वाटेत बंडी दिसली तेव्हा यांनी खिडकीतून ओरडून त्यांना कळवलं.

खोली छान होती. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. उजेड सोसत नव्हता म्हणून मी खिडकीवर चादर टांगायला लावली. सलाईन लागलं, संपलं. ठणका थोडा उतरला. सिस्टर तेलुगू बोलणारी होती, कडक. जाताना तिने बोट दाखवून बजावलं, "पडुको अम्मा! लेवकू!" म्हणजे झोप, उठू नकोस. डॉक्टरही सांगून गेले, "कंपनीला कळवलंय. त्यांचं ऑफिस इथंच आहे, त्यांचा माणूस कधीही येईल. त्याला तुम्ही खाटेवर दिसल्या पाहिजेत. बाकी मी पाहतो."

मी डोळे मिटले. शाल डोक्यावरून घेतली. इतकं शांत मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होतं.

आणि दार उघडलं. भासरे!

त्यांची बंडी बाजारात उभी होती. कापूस घेऊन आलेल्या बंड्यांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यावर गेली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. बंडीवर ओळखीच्या माणसाला झोपवून, आहोत तर पाहून येऊ, म्हणून ते आले होते. हातात केळी होती.

मी शपथेवर सांगते, मी काहीच केलं नाही. पाय आपोआप खाली आले. पदर आपोआप डोक्यावर आला. मी आपोआप खाटेच्या पायाशी फरशीवर जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. सोळा वर्षं रूढींविरुद्ध भाषण करणाऱ्या बाईला तिच्या पायांनी विचारलंसुद्धा नाही!

भासरे खुर्चीवर बसले. "इठ्ठल, कसं हाये आता तिले?" त्यांचा आवाज बैल हाकून हाकून कमावलेला. माझ्या उजव्या कानशिलात तो आरपार गेला.

हे माझ्याजवळ वाकले. "अवं, खाटेवर जा नं! चोवीस तास!"

"कशी जाऊ? ते बसून हायेत नं!" मी कुजबुजले.

"मंग त्यायले जा म्हनू?"

"भेटाले आलेल्या मानसाले जा म्हनता? केळं घेऊन आले ते!"

भासरे म्हणाले, "बसतो घडीभर. बंडीचा लंबर लागला का पोट्टा बलावाले येईन."

नंबर लागेना. भासरे उठेनात. बाजाराचा भाव झाला, सरकी झाली, अडत्यांचा उद्धार झाला. मी फरशीवर डोकं धरून बसलेली. इतक्यात बाहेरून सिस्टरच्या चपलांचा आवाज आला आणि मी रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

पुढची कल्पना माझीच. श्रेय मी कुणाला देणार नाही!

"तुमी झोपा," मी यांना म्हटलं. "शाल डोक्यावरून घ्या. ती दारातूनच पाहून जाते. खाट भरलेली दिसली म्हंजे झालं."

"मी?"

"मंग काय भाऊजी झोपतीन?" (भाऊजी म्हणजे भासरेच.)

हे बिचारे झोपले. शाल डोक्यावरून घेतली, पाय पोटाशी घेतले. सिस्टर दारात आली, पाहिलं, गेली. भासरे मात्र बघत राहिले.

"इठ्ठल, तुलेबी बिमारी लागली का बे?"

"नाई दादा," शालीतून आवाज आला. "खाट धरून राह्यलो."

भासऱ्यांनी समजून मान हलवली. त्यांच्याही बंडीवर त्या क्षणी एक माणूस असाच झोपला होता. "हाव," ते म्हणाले. "जागा धरून ठेवनं बराबर हाये. सोडली का दुसरा घुसते."

इथपर्यंत सगळं माझ्या योजनेप्रमाणे चाललं होतं. पण दुपारी सिस्टर बदलली. नवी आली ती ट्रे घेऊनच आली, थेट खाटेकडे. खोलीत अंधार. (अंधार माझ्याच मागणीवरून केलेला!) तिने शालीतून एक हात ओढून बाहेर काढला. हाताला केस होते, मनगटावर घड्याळ होतं. पण तिला काय, दिवसभर हातच पाहायचे!

मी तोंड उघडलं. "सिस्टर, ते..."

"ऊरुको अम्मा!" तिने मला गप्प केलं. मी फरशीवर बसलेली, पदर नाकापर्यंत. पेशंटबरोबर आलेली कुणी गावाकडची बाई समजली ती.

मी यांच्याकडे पाहिलं. हे ओरडू शकले असते. 'मी तो नव्हेच' म्हणू शकले असते. पण समोर थोरला भाऊ खुर्चीवर बसलेला, त्याच्यादेखत सुईला भ्यालो असं कसं दाखवायचं? बायकोच्या नावाचं इंजेक्शन यांनी मुकाट्याने घेतलं. सिस्टर गेली.

"कायचं होतं वो?" यांनी विचारलं.

"ठणका थांबून झोप लागाचं."

"लागून राह्यली," हे म्हणाले आणि घोरायला लागले.

आता खोलीत मी, भासरे आणि मधे घोरणारा मध्यस्थ. बोलणार कसं? भासरे खाकरले आणि झोपलेल्या भावाला म्हणाले, "इठ्ठल, तिले विचार, पानी पाह्यजे का."

मी झोपलेल्या नवऱ्याला म्हटलं, "त्यायले सांगा, नको."

"तिले म्हन, केळं खाय."

"त्यायले सांगा, ओकारी होते."

हे घोरत घोरत दोन्हीकडचे निरोप पोहोचवत होते. खरं सांगते, इतकं अचूक काम त्यांनी जागेपणीही कधी केलं नव्हतं.

आणि तेव्हाच तो आला! हातात कागदांची फाईल, डोळ्यांवर चष्मा, तोंडात हिंदी. कंपनीचा माणूस.

"कुसुमबाई कौन?"

कुसुमबाई म्हणजे मी. मी पदर आणखी ओढला. साहेबाने खाटेच्या डोक्याशी लावलेली पाटी वाचली, समाधानाने मान डोलावली आणि शाल हळूच खाली केली. खाली मिशा होत्या. चांगल्या, पिळदार.

साहेबाने पाटी पुन्हा वाचली. मग मिशा पुन्हा पाहिल्या. "ये कुसुमबाई हैं?"

"नहीं साब," भासरे उठून अदबीने म्हणाले. "ये हमारा भाई है."

"तो कुसुमबाई किधर हैं?"

आता भासरे अडले. धाकट्या भावाच्या बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, तिच्याकडे बोटही दाखवायचं नाही. ते छताकडे पाहून म्हणाले, "वो... ये जो सोया है ना साब, उसके घर में से."

"मैं घर नहीं पूछ रहा! पेशंट किधर है?"

"मैं हूँ," मी पदरातून म्हटलं.

साहेब वाकला. "आप पेशंट हैं? तो नीचे क्यूँ बैठे? और ये ऊपर क्यूँ सोया?"

"वो बैठे हैं ना," मी म्हटलं.

"कौन बैठे हैं?"

काय सांगणार! साहेब होता दूर तिकडचा, त्याला भासरे म्हणजे काय ते कुठून कळणार? मी आपली पदराखालून खुर्चीच्या दिशेने मान हलवत राहिले. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा भासऱ्यांकडे, एकदा घोरणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि पेन काढलं. "मैं जो देखा वही लिखूँगा. पेशंट बिस्तर पे नहीं. बिस्तर पे दूसरा आदमी, सो रहा है. बस."

विनोद बाजूला ठेवून सांगते, त्या क्षणी मला रडू फुटायचं बाकी होतं. नागपूर गेलं, औषध गेलं. आता जन्मभर कापसाच्या खोलीत फडकं बांधून पडायचं. आणि कशामुळे? खाट हातभर अंतरावर होती! उठून तिच्यावर आडवं व्हायचं, एवढंच. मी उठायचा हुकूम पायांना दिला. पाय म्हणाले, भाऊजी बसलेत.

तेवढ्यात भासरे उठले. मला वाटलं, चालले! सुटले! पण त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून तिच्यावर बसले. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढून घेतला. आणि भिंतीला ऐकवलं, "साब, अब मैं इदर नहीं. उसकू बोलो, सोने कू."

साहेबाला काही उमगेना. पण मधे माणूस हवा आणि हे तर झोपलेले, तेव्हा निरोप सांगायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वो बोल रहे, सोने कू."

(भासरे सरळ खोलीबाहेर का गेले नाहीत, हे मी नंतर यांच्यामार्फत विचारलं. उत्तर आलं, "सायेब काय लिवते ते ऐकाव लागते नं!")

साहेबाने सिस्टरला हाक मारली आणि दोघांनी मिळून यांना खाली सतरंजीवर गुंडाळलं. हे जागे झाले नाहीत. मी खाटेवर चढले, आडवी झाले. भासरे असलेल्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा! डोक्यात अर्धा बाजार भरलेला होता, पण पाठ टेकल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"नाम?" "कुसुमबाई." "काम?" "टीचर." इथपर्यंत मी सुसाट. मग साहेबाने विचारलं, "पति का नाम?"

झालं! शाळेच्या कागदावर मी ते शंभरदा लिहिलं असेल. पण तोंडाने? तेही भासऱ्यांच्या पाठीसमोर?

"पति का नाम, मॅडम?" साहेबाचं पेन थांबलं.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची एकच सोय आहे. मी डोळे मिटले आणि म्हटलं,

"आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या राशी,
विठ्ठलराव झोपले खाटेवर, मी बसली पायापाशी!"

"वा!" भिंतीकडून दाद आली. हळदीकुंकवात बसल्यासारखी.

साहेब हादरला. "ये क्या है? प्रार्थना?"

"नाम है," मी म्हटलं. "बीच में से निकाल लीजिए."

त्याने नाव बीचमधून काढून घेतलं. पण आता त्याला भलताच संशय आला. पेशंट नीचे बसते, गाणी म्हणते, हिला खरंच डोकेदुखी आहे? त्याने तसं विचारलंच. "मॅडम, सच में दर्द है? या भरती के लिए...?"

मी बोलणार, तोच भिंत बोलली. मराठी-हिंदीची खिचडी, पण शब्द न् शब्द जोरात.

"लिखो साब! मैं घर का बडा हूँ, मेरे कू पूछो! इस बाई का सर दुखता तब मेरे घर में पाटा-वरवंटा बंद रहता. चटनी नहीं बनती, सूखी भाकर खाते हम. मेरे बैल हैं, पाखऱ्या, चांद्या. पूरे गाव में ऐसी घुंगरमाळ नहीं किसी की. मेरे बाप ने लाई थी. वो मैं निकाल के खुंटी कू टांग दिया. काय कू? शाम कू बंडी आती तो ये बाई कापसाच्या खोलीत कान दाबून रडती. मैं सुना. शेतकरी मानूस बैलाची माळ उगाच उतरवते का साब? बोलो!"

खोलीत फक्त यांचं घोरणं उरलं.

मी त्या पाठीकडे पाहत राहिले. मळका सदरा घातलेली, वाकलेली पाठ. त्या माळांवरून मी ज्याला कंजूष म्हटलं होतं, तो माणूस गेलं वर्षभर माझ्यासाठी मुके बैल हाकत होता. पोळ्यालासुद्धा! आणि मला कळवायला मधे माणूस लागतो, म्हणून कधी कळवलंच नाही. मला भडभडून आलं. डोळे पुसायला पदर घेतला तर साहेबाला वाटलं, ठणका वाढला.

साहेबाने चष्मा काढून पुसला. "हमारे घर में भी बैल थे," तो म्हणाला. "माला निकालते नहीं कभी." आणि त्याने लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, भासऱ्यांनी मात्र मान तिरकी करून पाहायचा खूप प्रयत्न केला.

डॉक्टर आले, हसून हसून बेजार झाले आणि म्हणाले, झालं ते झालं, चोवीस तास आत्तापासून नव्याने धरा. साहेबही कबूल झाला. फक्त म्हणाला, "कल आऊँगा. बिस्तर पे यही मॅडम चाहिए, मूँछ नहीं चाहिए."

भासरे मग दाराबाहेर जाऊन बसले, रखवालीला. बाजारातून पोरगा धावत आला, "काका, लंबर लागला, बंडी लावा!" भासरे उठले नाहीत. "जाऊ दे. आता कोनी भेटाले आलं का ही बाई पुन्हा खाली उतरते. मी हाय इथंच." त्यांचा नंबर हुकला. त्या रात्री बंडी रांगेच्या शेवटी गेली आणि भासरे दवाखान्याच्या पायरीवर. आत मी खाटेवर टक्क जागी आणि हे माझ्या इंजेक्शनवर सतरंजीवर गाढ झोपलेले. सकाळी उठून म्हणाले, "लई दिसानं झोप झाली. तुह्यं डोकं कसं हाये?"

कंपनीने खर्च दिला! मी म्हटलंच होतं. नागपूर झालं, फोटो झाला, औषध वर्षभर घेतलं आणि ठणका हळूहळू वर्षातून एखाद-दोनदा चक्कर टाकणारा पाहुणा झाला. घुंगरमाळा खुंटीवरून बैलांच्या गळ्यात मीच चढवायला लावल्या. (यांच्यामार्फत.) आणि पुढच्या साली भासऱ्यांनी स्वतःचा विमा उतरवला. बिमारीला बलावनं झालं की नाही, हे मी विचारलं नाही. मी मोठ्या मनाची आहे.

पण बिमारी आलीच. भासऱ्यांच्या अंतर्गळाचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीची पेज आणि मूगवरणाचा डबा घेऊन एकटीच गेले. दार उघडलं. भासरे खाटेवर आडवे होते. मला पाहिलं आणि टाके विसरून उठायला लागले! लहान भावाची बायको आली, तिच्यासमोर पडून कसं राहायचं?

"लेवकू!" सिस्टर ओरडली.

काहीतरी करायला हवं होतं. भाषण करायची हीच वेळ होती. रूढी सोडा, भाऊजी, खुशाल पडा! मी तोंड उघडलं. आणि स्टूल उचललं, उलटं फिरवलं, भिंतीकडे तोंड करून बसले, पदर पुढे ओढला आणि भिंतीला म्हटलं, "त्यायले सांगा, मी इथं नाई."

मागे खाट करकरली. भासरे परत आडवे झाले असावेत. मग तोच, बैल हाकायचा आवाज आला.

"इठ्ठल, तिले म्हन, नाई त नाई. पन डब्बा इकडं सरकव म्हनाव."

हे त्या वेळी गावाला होते. मी मागे न पाहता डबा सरकवला.

त्या सव्वीस जानेवारीला मी भाषणाचा विषय बदलला. 'पाणी उकळून प्या' हाही विषय काही कमी महत्त्वाचा नाही.